दोष कुणाचा?

मला आयुष्यात एकच मेमो लिहावा लागला, आणि तो मी फार चांगला लिहिला. ही कबुली दिवाळीच्या दिवसांत फराळाच्या ताटाशेजारी ठेवावी अशी नाही, हे मला समजते. पण ती दिल्यावाचून मला जे म्हणायचे आहे ते म्हणताच येणार नाही. तेव्हा वाचकांनी ती आधी ऐकून घ्यावी.

२०१९ सालच्या ऑक्टोबरातली गोष्ट. आमची शाळा तालुक्याच्या गावची. तेथे मी चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. मुख्याध्यापकांच्या मते हा क्रम उलटा आहे. माझे पुस्तकी शिक्षण दहावीपाशी थांबले. आमच्या घरात दहावीला अजून मॅट्रिकच म्हणतात, आणि त्या शब्दाचा भारदस्तपणा सोयीचा वाटून मीही स्वतःला मॅट्रिक म्हणवून घेतो. शिक्षण कमी, पण माणसाचा हात लिहिता आहे, असा माझा गावात लौकिक. त्या लौकिकानेच घात केला.

शाळेच्या कार्यालयात चार संगणक आणि एक सर्व्हर. ज्यांचा या प्रकरणाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो : सर्व्हर म्हणजे घरातले सामाईक कपाट. टेबलावरचा संगणक ही ज्याची त्याची पेटी. पण गुणपत्रके, जनरल रजिस्टर, शाळा सोडल्याचे दाखले हा सगळा ऐवज त्या एका कपाटात. भिंतीच्या कडेने नेलेल्या तारांनी पेट्या कपाटाला जोडलेल्या असतात आणि सगळ्या तारा मध्ये एका लहानशा डब्याला येऊन मिळतात. त्या डब्याला स्विच म्हणतात. दिव्याच्या बटणाशी त्याचे नावापलीकडे काही नाते नाही. कुणाचा कागद कुणाकडे धाडायचा एवढेच तो पाहतो. पोस्टात पत्रे निवडणाऱ्या माणसाचे काम.

या कपाटातून रोज सर्वांत जास्त काढघाल करणारे गृहस्थ म्हणजे आमचे भाऊसाहेब. शाळेत लेखनिकाला भाऊसाहेब म्हणायची रीत आहे, आणि आमच्या भाऊसाहेबांना ते नाव इतके चिकटले होते की त्यांचे पाळण्यातले नाव मला त्यांच्या सेवापुस्तकात वाचून कळले. नोकरीची एकतीस वर्षे झालेली. पुढच्या मे महिन्यात ते निवृत्त व्हायचे होते. टंकलेखन यंत्रावर बोटे घडलेला माणूस. संगणकाचे बटणही खाडकन दाबायचे.

त्या वर्षी जूनपासून भाऊसाहेबांचे काम हळू होऊ लागले. म्हणजे आम्ही तसे म्हणू लागलो. नववी ‘ब’ची गुणांची फाइल उघडायला सांगावी, तर तोवर शिपाईमामा चहा घेऊन यावेत, कप विसळून परत न्यावेत, तरी पडद्यावर वाळूचे घड्याळ फिरतेच आहे. कधी भरलेले गुण मध्येच संपर्क तुटून नाहीसे होत आणि पहिल्यापासून भरावे लागत. बाकीच्या तीन टेबलांवर असे काही होत नसे. शेवटी दिवाळीच्या सुटीच्या तोंडावर पहिल्या सत्राची प्रगतिपुस्तके दोन दिवस रखडली. पालक कार्यालयाच्या दारात उभे राहिले. मुख्याध्यापकांनी बैठक बोलावली.

त्या बैठकीत मी एक वाक्य बोललो. “सर्व्हर नवा आहे, बाकीचे तीन संगणक धावताहेत, मग उरलं कोण?” सगळे हसले. भाऊसाहेब नव्हते, ते आपल्या टेबलाशी फाइल उघडण्याची वाट पाहत होते. मुख्याध्यापक म्हणाले, “सर, तुमची भाषा चांगली आहे. मेमोचा मसुदा तुम्हीच करा.”

मी केला. ‘आपणांस कळविण्यात येते की’ने सुरुवात करून ‘दिरंगाई’, ‘वारंवार तोंडी समज देऊनही’, ‘शाळेच्या लौकिकास बाधा’ हे सगळे शब्द जागच्या जागी बसवून, ‘खुलासा तीन दिवसांचे आत सादर करावा’ असा शेवट साधला. वारंवार तोंडी समज कुणीच दिलेली नव्हती. पण तो शब्दसमूह तेथे शोभत होता.

भाऊसाहेबांनी तीन दिवसांची मुदतही घेतली नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या वळणदार अक्षरातला खुलासा आला : ‘वयोमानाने माझ्याकडून काम हळू होते हे मला मान्य आहे. क्षमा असावी.’ पुढे मला कळले, की महिनाभर ते गुणांच्या याद्या घरी नेत होते. रात्री वहिनी एकेक गुण वाचून दाखवत, आणि भाऊसाहेब ते पडद्यावरच्या क्रमाने कागदावर उतरवून ठेवत. म्हणजे सकाळी यंत्र जेवढी मिनिटे चालेल तेवढ्यात भराभर भरता यावेत. त्यांनी चष्म्याचा नंबरही तपासून घेतला होता. आम्ही म्हणण्यापूर्वीच त्यांनी स्वतःला दोषी धरले होते.

त्याच आठवड्यात आमच्या घरी आई अनारसे तळत होती. पहिला अनारसा तुपात सोडला आणि तो फिसकटून कढईभर पसरला. अशा वेळी आमच्याकडे अनारसा हसला असे म्हणतात. पाकशास्त्रातला हा एकच अपराध मला ठाऊक आहे, की ज्याला इतके गोड नाव आहे. आईने गूळवाल्याला शिव्या दिल्या नाहीत, की पीठ मळणाऱ्या माझ्या पत्नीकडे पाहिले नाही. मूठभर पीठ बाजूला घेतले, त्यात चमचाभर तांदळाची पिठी मिसळली आणि पुन्हा एकच अनारसा थापून सोडला. तो किंचितच हसला. आणखी अर्धा चमचा पिठी. तिसरा शहाण्यासारखा जाळीदार होऊन वर आला. मग तिने सगळ्या पिठाला त्या मानाने पिठी लावली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि एकच अनारसा सोडायचा. मी तेथे उभा राहून ते पाहिले, तिसरा अनारसा खाल्ला, आणि माझ्या डोक्यात काहीसुद्धा प्रकाश पडला नाही.

प्रकाश पाडायला माझा एक जुना विद्यार्थी यावा लागला. चित्रकलेत अगदी यथातथा. माणसाचे कान नेहमी खांद्यावर काढायचा. आता तो गावात संगणक दुरुस्तीचे दुकान चालवतो. मुख्याध्यापकांनी त्याला बोलावले ते भाऊसाहेबांचा संगणक मोडीत काढल्याचा दाखला घ्यायला. मी कुतूहलाने बाजूला उभा राहिलो.

त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा : “भाऊसाहेब, हे कधीपासून होतंय?”

आम्ही चार महिने या गोष्टीविषयी बोलत होतो, पण ‘कधीपासून’ हे कुणी विचारलेच नव्हते. आमचा प्रश्न होता ‘कुणामुळे’. भाऊसाहेब म्हणाले, “जूनपासून. वीज पडली त्यानंतर.” खरेच, शाळा उघडल्याच्या आठवड्यात वळवाच्या पावसात वीज पडून जुना सर्व्हर आणि तो तारांचा डबा, दोन्ही जळाले होते. दोन्ही नवे आणले. त्या गडबडीतच भाऊसाहेब एकाएकी म्हातारे झाले होते.

नंतर त्याने अदलाबदल आरंभली. भाऊसाहेबांच्या जागी शेजारचा संगणक आणून तीच तार लावली. तो धावू लागला. म्हणजे तार ठीक, भिंतीतली खोबणही ठीक. भाऊसाहेबांचा संगणक शेजारच्या टेबलावर नेला. तेथेही तो रखडला. मुख्याध्यापक उत्साहाने म्हणाले, “बघा, मी म्हणत नव्हतो? यंत्रच म्हातारं झालंय.”

“खोट यंत्राकडे आहे एवढं ठरलं सर,” तो म्हणाला, “म्हातारपणात आहे हे अजून ठरायचंय.”

चौघांतला तिसरा संगणकही भाऊसाहेबांच्याच वयाचा होता. एका कंपनीने आपल्या कार्यालयातून काढलेले सामान २०१० साली शाळेला देणगी दिले, त्यातले हे दोघे जुळे भाऊ. आतले भाग तेच, स्मृती तेवढीच. तो धावतो आणि हा रखडतो. मग वय हे कारण कसे? शिवाय भाऊसाहेबांच्या संगणकाच्या स्वतःच्या पोटात ठेवलेली तीच फाइल पाच-सात सेकंदांत उघडत होती. रखडायचे ते फक्त सामाईक कपाटाकडे जाताना.

मी तर्कशास्त्र शिकलेलो नाही. पण आमच्या वाचनालयात न्यायदर्शनावर एक जुने पुस्तक आहे, त्यात अन्वय आणि व्यतिरेक ही जोडी मला भेटली होती. कारण असेल तेथे कार्य असते हा अन्वय. कारण नसेल तेथे कार्य नसते हा व्यतिरेक. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्ववेत्त्याने १८४३ साली आपल्या तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात जवळपास याच युक्त्या नियमांच्या रूपाने मांडल्या. तो मुलगा टेबलाखाली वाकून, तोंडात पेचकस धरून तेच करीत होता. आणि आम्ही काय करीत होतो? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडलेली पाहून कावळ्याला मेमो देत होतो.

पुढचा भाग मला सर्वांत जास्त आवडला, म्हणून जरा सावकाश सांगतो. त्याने भाऊसाहेबांच्या संगणकावरून सर्व्हरला नुसती हाक मारली. या हाकेला त्यांच्या भाषेत पिंग म्हणतात. चार शब्दांची हाक, चार शब्दांची ओ. ओ तत्काळ आली, दहा वेळा मारली तरी दहाही वेळा आली. रस्ता चांगला दिसत होता. मग त्याने एक मोठी फाइल पाठवली. ती घाटात अडकलेल्या ट्रकसारखी बसली. नमस्कार-चमत्कार सुरळीत, ओझे उचलायची वेळ आली की भांडण. मला लगेच अशी दोन-तीन घरे आठवली.

“आता कळलं,” तो म्हणाला, आणि भाऊसाहेबांच्या संगणकातल्या जाळ्याच्या कार्डाची एक खिडकी उघडून आम्हांला दाखवली.

दोन यंत्रांनी तारेवरून बोलण्याच्या दोन पद्धती आहेत. जुनी पद्धत पोलिसांच्या वॉकीटॉकीसारखी : एकाने बोलायचे, दुसऱ्याने ऐकायचे. बोलण्यापूर्वी तार मोकळी आहे का ते ऐकायचे. चुकून दोघे एकदम बोलले तर दोघांनीही गप्प बसायचे आणि जरा थांबून पुन्हा सुरू करायचे. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथल्या संशोधनकेंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ सालच्या मे महिन्यात ईथरनेट नावाच्या या जाळ्याची कल्पना मांडली, तेव्हा ऐकून बोलण्याची ही शिस्त तिच्या मुळाशी होती. (त्यांनी ती एका मेमोत मांडली होती. मेमोचे असेही उपयोग होतात.) दुसरी पद्धत टेलिफोनसारखी : दोघांनी एकाच वेळी बोलावे आणि ऐकावे, थांबायचे कारण नाही. पहिलीला अर्धी आणि दुसरीला पूर्ण द्विमार्गी म्हणू.

१९९५ च्या सुमारास ही जाळी वेगवान झाली, तेव्हा नवे नियम ठरले. दोन यंत्रे जोडली की त्यांनी आधी आपसांत विचारपूस करावी : ‘तुम्हांला काय येते, मला काय येते?’ आणि दोघांना येणारी सर्वांत चांगली पद्धत निवडावी. पण एका टोकाने विचारपूसच केली नाही तर? तर दुसऱ्या टोकाने सावधपणा म्हणून जुनी, अर्धी पद्धत धरावी. नियम शहाणपणाचाच आहे. समोरचा मुका असेल तर तो जुन्या वळणाचा असेल असे समजणे हे सभ्यतेलाही धरून आहे.

आता भाऊसाहेबांच्या यंत्राचे पाहा. सुरुवातीच्या वर्षांत निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांची ही विचारपूस कधी कधी फसत असे. म्हणून खबरदार तंत्रज्ञ दोन्ही टोकांना हाताने पक्के लिहून ठेवत : वेग शंभर, पद्धत पूर्ण द्विमार्गी, विचारपूस बंद. कुणी अशाच काळजीवाहू माणसाने भाऊसाहेबांच्या संगणकाला आणि जुन्या डब्यातल्या त्याच्या खोबणीला तसे लिहून ठेवले होते, आणि नऊ वर्षे सगळे सुरळीत होते. वीज पडली, जुना डबा जळाला, नवा आला. नव्याला हाताने काही लिहून घ्यायची सोयच नव्हती. त्याला विचारपूस तेवढी ठाऊक. त्याने विचारले, भाऊसाहेबांचे यंत्र बोलले नाही, आणि त्याने नियमाप्रमाणे अर्धी पद्धत धरली. झाले! एक जण टेलिफोनवर, दुसरा वॉकीटॉकीवर. यंत्र बोलू लागे, डबाही बोलत असे. डब्याला वाटे टक्कर झाली, तो वाक्य अर्धे टाकून गप्प बसे. अर्धे वाक्य यंत्राला निरर्थक म्हणून फेकून द्यावे लागे. मग वाट पाहणे, पुन्हा मागणे, पुन्हा टक्कर. लहान हाकेत टक्कर व्हायला वेळच मिळत नाही. मोठ्या ओझ्यात ती पावलोपावली.

त्याने त्या खिडकीतली एक ओळ बदलून ‘आपोआप’ केली. मघाची मोठी फाइल दोन-तीन सेकंदांत गेली. चार महिन्यांचे म्हातारपण दोन-तीन सेकंदांत उतरले. दुरुस्तीचे त्याने पन्नास रुपयेही घेतले नाहीत. म्हणाला, यात मी बसवलं काहीच नाही.

आता दोष कुणाचा? भाऊसाहेबांच्या संगणकाची स्वतंत्र तपासणी केली असती तर तो निर्दोष ठरला असता. डब्याची केली असती तर तोही. तारेची केली, ती निर्दोष ठरलीच. ज्याने हाताने लिहून ठेवले त्याने त्या काळचे शहाणपण केले. ज्याने नवा डबा आणला त्याने शाळेचे पैसे वाचवले. सगळी माणसे आणि सगळी यंत्रे आपापल्या जागी बरोबर होती, आणि तरी खुलासा लिहावा लागला तो एका माणसाला. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण आपण नाचणाऱ्याला हसण्यासाठी वापरतो. अंगण एकदाही मोजून न पाहता ती वापरायची हिंमत आपल्याला कुठून येते, याचे मला आता नवल वाटते.

येथे एक शंका मला फार दिवस सतावीत राहिली. दोष दोन टोकांच्या मधल्या जागेत आहे असे म्हटले, की सगळ्यांना सुटल्यासारखे वाटते. सरकारी चौकशीच्या अहवालांना हे वाक्य फार प्रिय असते : ‘व्यवस्थेतील त्रुटी’. व्यवस्थेला सेवापुस्तक नसते, निवृत्तिवेतन नसते, तिला मेमो देता येत नाही. तेव्हा दोष माणसाकडून काढून मधल्या जागेत नेऊन ठेवणे हा न्याय की पळवाट?

या शंकेला त्याच दिवशी, त्याच इमारतीत एक दुसरे उदाहरण भेटले. ग्रंथालयाच्या बाईंचा संगणक भाऊसाहेबांच्या संगणकापेक्षाही जुना, विंडोज एक्सपीवर चालणारा. तो जूनपासून सर्व्हरपर्यंत पोचतच नव्हता. हळूही नाही नि जलदही नाही, दार बंदच. बाईंचे म्हणणे, नव्या सर्व्हरने आपल्याला वाळीत टाकले. आणि या वेळी ते शब्दशः खरे होते. सामाईक कपाटाशी बोलायची जी भाषा आहे तिला एसएमबी म्हणतात; १९८३ च्या सुमारास आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी ती प्रथम रचली. एक्सपीला तिची फक्त पहिली, जुनी आवृत्ती येते. नव्या सर्व्हरांना ती समजते, पण ते मुद्दाम ऐकत नाहीत. एक खूण केली की ऐकू लागतील. मुख्याध्यापक म्हणाले, “मग करून टाक की ती खूण!” माझ्या विद्यार्थ्याने नाही म्हटले. शाळेत असताना त्याने मला कधी नाही म्हटल्याचे मला आठवत नाही.

त्याचे कारण २०१७ मध्ये आहे. त्या वर्षी १२ मे रोजी वॉनाक्राय नावाचा विषाणू जगभर पसरला. तो शिरला तो याच जुन्या भाषेतल्या एका भगदाडातून. यंत्रांतल्या फाइली कुलूपबंद करून तो खंडणी मागे. इंग्लंडमधल्या सरकारी आरोग्यसेवेच्या २३६ न्यासांपैकी किमान ८० न्यासांना त्याची झळ पोचली. हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या, रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णालयांकडे वळवाव्या लागल्या. आता त्या प्रकरणात दोष कुणाचा म्हणाल? भगदाड अमेरिकेच्या एका गुप्तचर संस्थेला आधीपासून ठाऊक होते आणि तिने ते गुपचूप स्वतःच्या उपयोगासाठी राखले होते. ते हत्यार चोरीला जाऊन एप्रिलमध्ये उघड्यावर आले. मायक्रोसॉफ्टने भगदाड बुजवणारे ठिगळ मार्चमध्येच दिले होते. पण अनेक रुग्णालयांनी ते लावले नव्हते. आणि मूळ भाषा इतकी वर्षे चालू ठेवली होती ती कशासाठी? जुन्या यंत्रांची गैरसोय होऊ नये म्हणून. दयेपोटी म्हणा ना.

याहून बोलका तपशील पुढेच आहे. पहिल्या दिवसांत वर्तमानपत्रांनी बोट दाखवले ते सर्वांत म्हाताऱ्याकडे : विंडोज एक्सपीकडे. मागाहून चौकशीत दिसले, की बाधा झालेली बहुतेक यंत्रे विंडोज ७ ची होती. त्या वेळी चालू असलेली, फक्त ठिगळ न लावलेली. हे वाचताना मला आमची बैठक आठवली. ‘मग उरलं कोण?’ हा प्रश्न विचारणारा मीच एकटा नव्हतो तर.

म्हणून बाईंच्या संगणकासाठी दार उघडले नाही. एकासाठी ते उघडावे तर चौघांचे आणि साऱ्या मुलांच्या दाखल्यांचे कुलूप निघते. विद्यार्थ्याने दुसरा उपाय सुचवला : त्याच जुन्या यंत्रात लिनक्सची एखादी हलकी प्रणाली घालावी. १९९० च्या दशकाच्या आरंभी कॅनबेराच्या विद्यापीठात अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या विद्यार्थ्याने सांबा नावाची आज्ञावली लिहायला घेतली. त्या कामाच्या आधाराने आज म्हातारे यंत्रही नवी भाषा बोलू शकते. नावाची कथा गमतीची आहे. एस, एम, बी ही तीन अक्षरे ज्यांत ओळीने येतात असे शब्द त्यांनी शब्दकोशात शोधले, त्यांत हा नाचाचा शब्द सापडला. पण बाईंची पुस्तकांच्या देवघेवीची आज्ञावली एक्सपीखेरीज कशावरच चालेना. तेव्हा त्यांचा संगणक तारेवरून काढून एकटा ठेवला, आणि दर शनिवारी त्या यादी छापून हातात घेऊन कार्यालयात येत. पुढे दीड वर्षाने नवी आज्ञावली आली तोवर हे चालले. बाईंची गैरसोय झाली, ती कुणाच्याही दोषाशिवाय झाली, आणि ती करणे बरोबर होते, असे मला अजून वाटते. मात्र एक फरक होता. त्यांना कुणी मेमो दिला नाही. उलट शनिवारी त्या आल्या की मुख्याध्यापक उठून पंखा लावत.

आणि येथे माझी शंका मला जराशी सुटल्यासारखी वाटली. दोष मधल्या जागेत असू शकतो हे खरे. बऱ्याचदा तो तेथेच असतो. पण ती मधली जागा पाहायला जाण्याचे काम कुणाचे तरी असते, आणि ते न करता जवळच्या माणसावर बोट ठेवणे, हे मात्र मधल्या जागेत घडत नाही. त्या बैठकीत मला कुणी बोलायला सांगितले नव्हते. ‘वारंवार तोंडी समज’ हे शब्द कुठल्याही यंत्राने आपोआप निवडले नव्हते. या साऱ्या प्रकरणात नावानिशी सांगता येईल असा दोष शोधायचा झाला, तर तो माझ्या मसुद्यात होता. जुन्या तंत्रज्ञाने, डबा विकत घेणाऱ्याने, डब्याने, तारेने खुलासा देण्याचे कारण नव्हते. माझ्याकडे तो कुणी मागितला नाही एवढेच.

मेमो परत घेण्याचे ठरले. पण कार्यालयात कागद परत घेता येत नाही. त्यावर जावक क्रमांक पडलेला असतो. तो फाडला तर रजिस्टरात भोक पडते. पहिल्याच्या पाठीला दुसरा कागद लावावा लागतो. तो मसुदाही मीच मागून घेतला. आश्चर्य असे की माझा लिहिता हात चालेना. दिरंगाई, कसूर, हयगय, बेजबाबदारपणा, दोषासाठी आमच्या दफ्तरी भाषेत शब्दांचे भांडार आहे. माणूस निर्दोष होता हे सांगायला ‘सदर मेमो रद्द समजण्यात यावा’ याखेरीज एक ओळ सापडत नाही. दोन तास बसून मी तीन ओळी लिहिल्या. त्या अगदी सुमार होत्या.

त्या घेऊन मी स्वतः भाऊसाहेबांच्या टेबलाशी गेलो. त्यांनी कागद वाचला, जावक क्रमांक टाकला (स्वतःच्याच पत्राला) आणि फायलीत लावला. मग म्हणाले, “सर, तो पहिला तुम्ही लिहिला होता ना? वाचताना वाटलंच मला. भाषा छान होती.” त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरे झाले असते.

“भाऊसाहेब, तुम्ही खुलाशात वयोमान का लिहिलंत?” मी विचारले. “यंत्र बिघडलंय असं का नाही लिहिलंत?”

“सगळ्यांची चालत होती ना, सर,” ते म्हणाले. “मग माझंच असणार असं वाटलं.”

पुढच्या वर्षी ३१ मे रोजी ते निवृत्त झाले. २०२० सालचा मे महिना. टाळेबंदी होती, शाळा बंद होती, निरोपसमारंभ झाला नाही. पण त्याआधी नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत मी रोज त्यांच्या टेबलावरून जात असे. संगणक आता फाइल क्षणात उघडी. भाऊसाहेब बटण दाबत, दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवत आणि खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे पाहत थांबून राहत. फाइल समोर उघडलेली असे. मामा चहा आणून ठेवत, तो ते सावकाश पीत, आणि कप खाली ठेवल्यावर मग पडद्याकडे वळत.